काचबिंदू : शस्त्रक्रियेनंतरच्या दाबाचा इतिहास



ज्या घरात साठीपुढचे माणूस आहे, त्या घरात मोतीबिंदूची चर्चा झाली नाही असे सहसा घडत नाही. ‘अजून पिकायचा आहे, पिकला की काढू’ हे वाक्य आपणां सर्वांच्या कानांवरून गेलेले आहे. मोतीबिंदूच्या बाबतीत थोडी वाट पाहिलेली बहुधा चालते. कारण त्याने झाकलेली दृष्टी, गढूळ भिंग काढून टाकले म्हणजे परत मिळते. परंतु त्याच्या शेजारी, जवळजवळ त्याच्याच नावाने नांदणारा दुसरा एक रोग आहे. त्याचे नाव काचबिंदू. हा पिकत नाही, आणि त्याने नेलेली दृष्टी कोणत्याही शस्त्राने वा औषधाने परत आणता येत नाही. कायमचे अंधत्व आणणाऱ्या रोगांत जगभर त्याचा क्रमांक पहिला लागतो.

ह्या रोगावरील शस्त्रक्रियेचा इतिहास हा आजचा विषय आहे. परंतु कोणते शस्त्र कोणी केव्हा काढले ह्याची नुसती जंत्री मला द्यावयाची नाही. मला सांगावयाची गोष्ट एकच आहे. काचबिंदूत शस्त्रक्रिया म्हणजे उपचाराची अखेर नव्हे. चाकू खाली ठेवल्यानंतर डोळ्यातील दाबाचे काय होते, ह्यावर सारे अवलंबून असते. हे समजावयास वैद्यकाला शंभराहून अधिक वर्षे लागली. आणि पुष्कळ रोग्यांना, त्यांच्या घरच्या मंडळींना, ते अजूनही पुरते समजलेले नाही.

नावांचा घोटाळा

प्रथम नावापासूनच आरंभ करू. वाग्भटाने तिमिर, काच आणि लिंगनाश ह्या दृष्टी मंदावत जाण्याच्या एकापुढील एक पायऱ्या मानल्या आहेत. म्हणजे ‘काच’ हा शब्द मुळात आपण ज्याला आज मोतीबिंदू म्हणतो त्याच्याच घरचा! ग्रीकांकडेही हाच घोटाळा झाला. ‘ग्लॉकोस’ म्हणजे निळसर, हिरवट, समुद्राच्या पाण्यासारखा रंग. हिपॉक्रेटिसच्या नावावरील सूत्रांत म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत येणाऱ्या अशा झाकेचा उल्लेख आहे. त्यावरूनच ‘ग्लॉकोमा’ हे नाव पुढे आले. दोन्हीकडे बाहुलीचा रंग पाहून नाव दिले गेले आणि आतला रोग कोणता हे कोणालाच उमगले नव्हते.

तथापि, आपल्या सुश्रुताने रंग न पाहता वेदना पाहिली, हे विशेष होय. उत्तरतंत्रात नेत्राचे ७६ रोग सांगताना त्याने ‘अधिमंथ’ नावाचा रोग वर्णिला आहे. डोळा उपटून काढल्यासारखा, रवीने घुसळल्यासारखा वाटतो आणि अर्धे डोके दुखते, हे त्याचे लक्षण. उपचार चुकला तर कफजन्य अधिमंथ सात दिवसांत, वातजन्य सहा दिवसांत, रक्तजन्य पाच दिवसांत आणि पित्तजन्य तर तत्काळ दृष्टी नष्ट करतो, असे तो बजावतो. दाब एकाएकी चढून येणाऱ्या काचबिंदूशी हे वर्णन इतके जुळते, की अनेक अभ्यासकांनी ही दोन नावे शेजारीशेजारी ठेवली आहेत. दिवस मोजून दिलेला तो इशारा आजही व्यर्थ नाही.

बोटाने कळलेला रोग

डोळ्यात दाब असतो म्हणजे काय असते? डोळ्याच्या पुढील भागात, पारदर्शक पटल आणि भिंग ह्यांच्यामध्ये, स्वच्छ पाणी असते. हे अश्रूंचे पाणी नव्हे. ते आतच तयार होते, दर मिनिटास दोन ते अडीच घन मिलिमीटर इतके. तितकेच ते कोपऱ्यातील एका बारीक जाळीतून झिरपून रक्तात मिसळते. दीड-दोन तासांत पुढच्या खणातील सारे पाणी पालटते. नळ चालू आहे आणि मोरीही वाहती आहे, तोवर घरात पाणी साचत नाही. मोरी तुंबली आणि नळ चालूच राहिला, की पाणी चढू लागते. डोळा हा बंद गोल असल्याने ते पाणी बाहेर सांडत नाही. ते चहूकडे दाबू लागते. हा दाब सर्वसाधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. तो वाढला म्हणजे डोळ्याच्या तळाशी असलेल्या दृष्टिनाडीचे तंतू एकेक करून मरतात. आरंभी कडेकडेचे दिसेनासे होते. समोरचे अक्षर वाचता येत असल्याने रोग्याला पत्ताही लागत नाही.

हा कठीणपणा प्रथम बोटाला कळला. सन १६२२ मध्ये रिचर्ड बॅनिस्टर ह्या इंग्रज नेत्रवैद्याने लिहून ठेवले, की पापणीवरून बोटाने चाचपले असता डोळा घट्ट लागला, तर त्या आंधळ्याला सुई घालून उपयोग नाही. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे ही खूण कोणी नीट मनावर घेतली नाही. सन १८३० मध्ये ग्लासगोच्या विल्यम मॅकेन्झीने आपल्या ग्रंथात हा कठीणपणा ठळकपणे मांडला आणि डोळ्याला छिद्र पाडून पाणी काढण्याची सूचनाही केली. सूचना तर्काला धरून होती. परंतु छिद्र पाडले, पाणी निघाले, डोळा मऊ झाला, आणि जखम मिटली की दाब पूर्ववत! शस्त्रक्रियेनंतर दाब परत चढतो, हा धडा तेथूनच सुरू झाला.

बर्लिनचा तरुण वैद्य

सन १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण जगापुढे ठेवले. ते हाती येताच बर्लिनमधील आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे हा तरुण नेत्रवैद्य काचबिंदूच्या मागे लागला. दृष्टिनाडीचे टोक ह्या रोगात खोल जाते. पण एका डोळ्याने पाहताना त्याला प्रथम तो खड्डा नसून उंचवटा वाटला. ही चूक त्याने लवकरच दुरुस्त केली, आणि दाब हेच रोगाचे मूळ होय असा निष्कर्ष काढला.

ग्रेफेनेही आधी छिद्र पाडून पाणी काढून पाहिले. गुण काही दिवसच टिकला. मग त्याने बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचा एक तुकडा कापून काढण्याची शस्त्रक्रिया काचबिंदूत योजिली. दुसऱ्या काही विकारांत ती केल्यावर डोळा मऊ होतो, हे त्याने पाहिले होते. सन १८५७ मध्ये त्याने आपले अनुभव प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी ब्रुसेल्स येथील नेत्रवैद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ते मांडले. तेव्हा तो तिशीच्या आतला होता. दाब एकाएकी चढून डोळा लाल झालेला, वेदनेने तळमळणारा रोगी शस्त्रक्रियेनंतर पाहू लागे. तोवर जो रोग असाध्य म्हणून सोडून दिला जाई, त्याला प्रथमच उतारा सापडला होता.

परंतु हळूहळू, वेदनेवाचून वाढणाऱ्या काचबिंदूत ह्याच शस्त्रक्रियेने तसा गुण येईना. असे का, हे ग्रेफेला कळले नाही. ते कळावयास विसावे शतक उजाडावे लागले. सन १९२० मध्ये अमेरिकेतील करन ह्याने आणि १९३८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑटो बार्कनने दाखविले, की काचबिंदूचे दोन प्रकार आहेत. एकात रंगीत पडदा पुढे येऊन कोपऱ्याचे तोंड बंद करतो. दुसऱ्यात कोपरा उघडा असतो, पण जाळीच झिरपेनाशी होते. पडद्याला वाट पाडली की पहिला प्रकार सुटतो. दुसऱ्यात मोरीच आतून भरलेली; तेथे दार उघडून काय होणार? ग्रेफेची ती शस्त्रक्रिया आज बहुतेक ठिकाणी लेसर किरणांनी पडद्याला बारीक भोक पाडून, चाकूवाचून होते.

ग्रेफेच्या नजरेतून दोन गोष्टी सुटल्या नाहीत, आणि पुढचा सारा इतिहास त्या दोन गोष्टींतून निघाला आहे. पहिली अशी, की क्वचित एखाद्या डोळ्यात शस्त्रक्रियेनंतर दाब उतरण्याऐवजी भयंकर वाढतो आणि पुढचा खण सपाट होतो. सन १८६९ मध्ये त्याने ह्याला ‘घातक’ काचबिंदू म्हटले. पाणी पुढे न येता मागे वळते आणि भिंगाला पुढे ढकलते, हे त्याचे कारण पुढे समजले. दुसरी गोष्ट अशी, की काही डोळ्यांत जखम नीट सांधत नाही, तिच्यावरच्या नाजूक आवरणाखाली पाण्याचा फुगवटा येतो, आणि नेमके हेच डोळे मऊ राहतात. सन १८७० मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, क्षयाने ग्रेफेचा अंत झाला.

न मिटणारी जखम

येथे आपण ह्या विषयाच्या गाभ्याशी येतो. शस्त्रवैद्याची सारी विद्या जखम भरून यावी ह्यासाठी आहे. पोट असो, हाड असो, जखम मिटली म्हणजे वैद्य जिंकला. काचबिंदूत मात्र उलटा न्याय आहे. येथे जखम पूर्ण मिटली म्हणजे वैद्य हरला! पाण्याला वाट राहावी म्हणून जखम आतून उघडी राहिली पाहिजे, आणि जंतू शिरू नयेत म्हणून बाहेरून झाकलेलीही राहिली पाहिजे. शरीर तर जखम दिसली की ती बुजविण्याच्या कामाला लागते. म्हणजे शस्त्रवैद्याचा झगडा केवळ रोगाशी नसतो; तो शरीराच्या भरून येण्याच्या गुणाशीही असतो.

पॅरिसच्या लुई द वेकरने ही झिरपणारी जखम मुद्दाम करावी असा आग्रह धरला. सन १९०६ मध्ये बोर्दो येथील लाग्रांजने डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीचा तुकडाच कापून काढण्यास आरंभ केला. त्याच वर्षी नॉर्वेच्या होल्थने रंगीत पडद्याची कड जखमेत अडकवून ठेवली. दिव्यातल्या वातीप्रमाणे तिने पाणी बाहेर आणावे, ही कल्पना. १९१२ मध्ये झोराब नावाच्या वैद्याने तर रेशमाचा धागाच आरपार ठेवून पाहिला.

आणि ह्याच सुमारास ह्या इतिहासात हिंदुस्थानचे नाव येते. मद्रासचे सरकारी नेत्ररुग्णालय १८१९ सालापासूनचे. तेथे रॉबर्ट हेन्री एलियट हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अधिकारी प्रमुख होते. सुई घालून मोतीबिंदू मागे ढकलणाऱ्या गावोगावच्या वैद्यांच्या हातून बिघडलेले डोळे त्यांनी बारकाईने अभ्यासले होते आणि त्यांवर पुढे ग्रंथही लिहिला. काचबिंदूचे रोगी त्यांच्याकडे येत ते बहुधा फार उशिरा. १९०९ मध्ये त्यांनी एक सुटसुटीत युक्ती काढली. बारीक, पोकळ, गोल धारेच्या नळीने पांढरी भिंत आणि पारदर्शक पटल ह्यांच्या सांध्यावर सुमारे दोन मिलिमीटरचे वाटोळे भोक पाडावयाचे आणि वर नाजूक आवरण पांघरावयाचे. ग्लासगोचे फर्गस हेही त्याच वर्षी असल्याच नळीने शस्त्रक्रिया करू लागले होते. परंतु तिला नेमके रूप दिले आणि तिचा प्रसार केला तो मद्रासने. १९१३ मध्ये एलियट ह्यांचा ग्रंथ निघाला, आणि मद्रासची शस्त्रक्रिया युरोप-अमेरिकेतील रुग्णालयांत शिकविली जाऊ लागली.

त्याच दशकात आणखी एक मोठी गोष्ट घडली. १९०५ मध्ये नॉर्वेच्या श्योट्झने दाब मोजण्याचे सोपे उपकरण काढले. तोवर शस्त्रक्रिया फळली की नाही हे वैद्याचे बोट सांगे. एकाचे बोट ज्याला मऊ म्हणे, त्याला दुसऱ्याचे घट्ट म्हणे. आता आकडा बोलू लागला. आज दाब किती, महिन्याने किती, वर्षाने किती, हे कागदावर मांडता येऊ लागले. पुढे १९५० च्या दशकात बर्नच्या गोल्डमनने अधिक अचूक यंत्र दिले. तेच आजही प्रमाण मानले जाते.

दाब फार उतरला तर?

आकडे मांडले जाऊ लागले तसे एक अप्रिय सत्य समोर आले. भोक पाडलेल्या डोळ्यांत दाब पुन्हा चढतो, ही भीती तर होतीच. पण कित्येकांत तो नको तितका खाली जाई. मोरी तुंबलेली होती ती फोडली, आणि घरात पाण्याचा थेंब उरला नाही, तशी ही अवस्था. दाब फार उतरला की पुढचा खण सपाट होतो, डोळ्याचे आतील अस्तर भिंतीपासून सुटते, पडद्याला सुरकुत्या पडून नजर अंधूक होते. अस्तर सुटण्याचा हा प्रकार फुक्सने १९०० मध्येच वर्णिला होता. शिवाय भोकावरचा फुगवटा कालांतराने कागदासारखा पातळ होई, आणि शस्त्रक्रियेनंतर वर्षांनी एखाद्या दिवशी त्यातून जंतू आत शिरून डोळा जाई. दाब जिंकला आणि डोळा गमावला, असे ज्यांच्या वाट्याला आले त्यांचे दुःख काय सांगावे!

ह्यावर तोड निघाली ती १९६८ मध्ये. इंग्लंडमध्ये केंब्रिज येथील केअर्न्स ह्यांनी उघडे भोक न ठेवता त्यावर पांढऱ्या भिंतीचीच एक पातळ झडप ठेवली आणि ती टाक्यांनी अंमळ सैल बांधली. पाणी एकदम धावत नाही. झडपेच्या कडांतून झिरपते. आपण तुंबलेल्या जाळीचा तुकडा काढीत आहोत, आणि पाणी तिच्या कापलेल्या टोकांतून जुन्याच वाटेने जाईल, असे केअर्न्स ह्यांना वाटत होते. पुढे दिसून आले, की जेथे गुण येतो तेथे तो बहुतेक वेळा फुगवट्यातून झिरपल्यानेच येतो. कारणमीमांसा चुकली, शस्त्रक्रिया मात्र टिकली. ग्रेफेच्या बाबतीतही थोडेबहुत असेच झाले होते. जगातील नेत्रवैद्य आजही हीच शस्त्रक्रिया मुख्य मानतात.

चाकू खाली ठेवल्यानंतर

झडप आल्याबरोबर शस्त्रवैद्याच्या कौशल्याचे केंद्र शस्त्रक्रियेच्या टेबलावरून तपासणीच्या खोलीत आले. पहिल्या दिवशी दाब फार कमी असेल, तर पाणी कोठून गळते ते शोधावयाचे. दाब अधिक असेल, तर झडप फार घट्ट बसली आहे काय, भोकात रक्ताची गुठळी अडकली आहे काय, की ग्रेफेने सांगितलेला तो घातक प्रकार आहे, हे ओळखावयाचे. झडपेचे टाके योग्य दिवशी सैल करता येतात. काही टाके बाहेरून ओढून काढण्याजोगे घालतात, तर काही १९८० च्या दशकापासून लेसर किरणाने तोडले जातात. पहिल्या काही आठवड्यांत फुगवट्याभोवती जाड कवच धरू लागते आणि दाब पुन्हा चढतो; तेव्हा बोटाने हलका दाब देणे, सुईने ते कवच मोकळे करणे असे उपाय करावे लागतात.

शरीराच्या सांधण्याच्या गुणाला आवर घालण्यासाठी १९८० च्या दशकात कर्करोगावरील औषधे डोळ्याच्या कामी आली. तैवानमधील चेन ह्यांनी १९८३ मध्ये मायटोमायसिनचा अनुभव प्रथम सांगितला. शस्त्रक्रियेच्या वेळी काही मिनिटे हे औषध लावले, की व्रण धरण्याचा वेग मंदावतो. पण हीही दुधारी तलवारच. औषध जास्त झाले तर जखम मुळीच सांधत नाही, आणि दाब कायमचा खाली राहतो.

ज्यांच्या डोळ्यांत व्रणच व्रण आहेत, त्यांच्यासाठी १९६९ मध्ये मोल्टेनो ह्यांनी नळी बसविण्याची पद्धत आणली. आत बारीक नळी आणि तिच्या टोकाला डोळ्याच्या भिंतीवर टेकणारी चकती. येथेही दाबाचा स्वभाव आडवा आला. नळी पहिल्या दिवसापासून मोकळी ठेवली तर दाब कोसळतो. म्हणून ती विरघळणाऱ्या धाग्याने बांधून ठेवतात. पाच-सहा आठवड्यांत चकतीभोवती आवरण धरते, धागा विरघळतो, आणि दाब एकाएकी उतरतो. तोवर थेंब चालू ठेवावे लागतात. ‘शस्त्रक्रिया झाली, मग थेंब कशाला?’ असे विचारणाऱ्या रोग्याने हे समजून घेतले पाहिजे. १९९० च्या दशकात झडपेची अहमद नळी आली, आणि २०१३ पासून मदुराईच्या ऑरोलॅबने स्वस्त भारतीय नळी उपलब्ध केली.

आणखी एक सावधगिरी. शस्त्रक्रियेनंतर दाह शमविण्यासाठी स्टेरॉइडचे थेंब देतात. ह्या थेंबांनी काही माणसांचा दाब चढतो, आणि काचबिंदू असलेल्यांत हे अधिक आढळते, हे १९६० च्या दशकाच्या आरंभी ध्यानात आले. म्हणून असे थेंब वैद्याने सांगितले तितकेच दिवस घालावेत. उरलेली बाटली कपाटात ठेवून पुढे डोळा लाल झाला की आपल्या मनाने वापरू नये.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचीही ह्या दाबावर छाया पडते. काचबिंदूच्या रोग्याचा मोतीबिंदू काढला, तर पहिल्या काही तासांत दाब एकदम चढू शकतो. शस्त्रक्रियेत वापरलेल्या चिकट द्रवाचा अंश आत राहून जाळी अडते. निरोगी डोळ्याला ते सोसते, जर्जर दृष्टिनाडीला सोसत नाही. परंतु नंतरच्या काळात तोच दाब पुष्कळदा थोडा खाली येतो. दाब वाढलेल्या डोळ्यांच्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे, मोतीबिंदू काढल्यावर सरासरी दाब २३.९ वरून १९.८ वर आला होता. कोपरा बंद होणाऱ्या प्रकारात तर भिंग काढणे हाच एक चांगला उपचार ठरतो, असे २०१६ मध्ये सिद्ध झाले.

किती दाब पुरेसा?

तर मग शस्त्रक्रियेनंतर दाब किती असावा? २१ च्या खाली आला म्हणजे झाले, असे पूर्वी मानीत. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाने हे समाधान हिरावून घेतले. काचबिंदू बराच पुढे गेलेल्या ज्या डोळ्यांत दर तपासणीला दाब १८ च्या खाली सापडला, त्यांची सरासरी १२ च्या आसपास होती, आणि त्यांचे दृष्टिक्षेत्र वर्षानुवर्षे जवळजवळ होते तसेच राहिले. ज्यांचा दाब कधी खाली, कधी वर असा होत राहिला, त्यांचे घटत गेले. म्हणजे एकदा दाब उतरला एवढ्याने भागत नाही. तो उतरलेलाच राहावा लागतो. आणि तो राहिला आहे की नाही, हे मोजल्यावाचून कळत नाही. डोळा दुखत नाही, पाणी येत नाही, वर्तमानपत्र वाचता येते. ह्यांतील एकही खूण दाबाची साक्ष देत नाही.

म्हणून श्रोत्यांना माझे सांगणे थोडके आहे. आपल्या घरात कोणाची काचबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल, तर ‘ऑपरेशन चांगले झाले ना?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘ह्या खेपेस दाब किती निघाला?’ असे विचारा, तो आकडा तारखेसह वहीत लिहा, आणि पुढच्या तपासणीला त्यांना स्वतः घेऊन जा. डोळा लाल झाला, दुखू लागला, पू आला, तर शस्त्रक्रियेला दहा वर्षे झाली असली तरी त्याच दिवशी वैद्य गाठा. हा रोग पुष्कळदा रक्ताच्या नात्यांत वावरतो. म्हणून रोग्याच्या भावाबहिणींनी आणि मुलांनी चाळिशी गाठली की, आणि वैद्याने सांगितले तर त्याआधीही, आपलेही डोळे दाखवून घ्यावेत. गेलेली दृष्टी आणण्याची विद्या अजून कोणाजवळ नाही. उरलेली राखण्याची आहे. पण तिच्यातील निम्मे काम वैद्याचे असेल, तर निम्मे आपले आहे.